नांदखोलच्या खळ्यावर

समुद्र पाहायचा म्हणून मी घराबाहेर पडले नव्हते, हे आधीच सांगून टाकते. संभाजीनगरच्या गारखेड्यात माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. दिवाळी उरकली की लग्नसराईची कापडं यायला लागतात, आणि नेमक्या त्या दिवसांत शटर ओढून कोकणात निघालेली बाई गिऱ्हाइकांच्या लेखी वेडीच. पण माझी धाकटी नणंद सुनंदा एक दिवस गंगापूरहून जीपनं आली, दुकानाच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "वहिनी, मला समिंदरावर जायचंय. संग चला. तुमाला बोलता येतं."

तेवढ्या एका वाक्यावर मी फसले. बोलता येतं, असं कुणी म्हटलं की मला नाही म्हणता येत नाही.

सुनंदा गंगापूर तालुक्यातल्या एका वाडीवर राहते. आमच्या घराण्यात मागच्या पिढीपर्यंत मेंढरंच राखली. माझा नवरा शहरात आला, ती तिकडंच राहिली. लग्नानंतर कितीतरी वर्षं नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जात होती. मग तिनं गंगापूरच्या आणि वैजापूरच्या आठवडी बाजारात सुकट (वाळवलेली बारीक कोळंबी) आणि सुके बोंबील विकायला सुरुवात केली. कापूस वेचणाऱ्या बाया, वीटभट्टीवरची माणसं, सगळे तिचे गिऱ्हाईक. मूठभर सुकट, कांदा आणि तिखट तव्यावर परतलं की भाकरीला दुसरं काही लागत नाही. बाजारात बसायला लागल्यापासून तिनं कोयता हातात धरला नव्हता.

यंदा मात्र तिचा धंदा बसायला आला होता. शहरातला व्यापारी जो माल देत होता तो ओलसर, वाळूमिश्रित आणि कुबट वासाचा. बाया मूठ उचलायच्या, नाकाशी न्यायच्या आणि परत टाकायच्या. पाटी भरलेलीच घरी आणायची वेळ आली. इकडं मुकादम दारात येऊन गेला होता, ऊसतोडीचा ट्रॅक्टर लवकरच निघणार होता आणि नवरा म्हणत होता की यंदा जावंच लागेल. म्हणजे चांगला माल मिळाला तर बाजार, नाही तर पुन्हा पालात राहून ऊस तोडायचा. मधलं काही नव्हतं.

"जिथं पिकतं तिथंच जाऊन आनते," सुनंदा म्हणाली. "मासळी काय व्यापाऱ्याच्या गोदामात पिकत नाय."

दिघीच्या खाडीकाठच्या नांदखोलचं नाव तिनं कुठूनसं ऐकलं होतं. पहाटेच्या पुण्याच्या गाडीत बसलो. माझ्याकडं दोन साड्या, गोळ्या आणि पाण्याच्या बाटल्या. सुनंदाकडं बाजरीच्या भाकरी, ठेचा आणि एका प्लास्टिकच्या पिशवीत तो खराब सुकटीचा नमुना. "असला नको, हे सांगायला दाखवावा लागंल ना," असं तिचं म्हणणं. नगरच्या अलीकडंच त्या पिशवीनं गाडीत आपली ओळख करून दिली. लोक एकमेकांकडं बघू लागले. कंडक्टर नाक धरून म्हणाला, "हे कुनाच्या पिशवीत हाय?" मी खिडकीबाहेर असं पाहत राहिले, जसं काही ही बाई माझ्या ओळखीचीच नाही.

"माझ्या," सुनंदा म्हणाली. "उतरू का?"

"बसा मावशी. आमच्या घरी बी खात्यात, पर हे लईच झालं," म्हणत त्यानं स्वतःच खिडकी उघडली.

पुण्याला गाडी बदलली. ताम्हिणी घाटात माझ्या पोटानं असहकार पुकारला. सुनंदानं माझं डोकं खिडकीबाहेर धरलं आणि दुसऱ्या हातानं भाकरी खात राहिली. माणगावला पुन्हा गाडी बदलली आणि मग जमीनच बदलली. आमच्याकडं काळी माती आणि सपाट रान. इथं माती लाल, रस्ता एका जागी सरळ राहायला तयार नाही, घरांच्या भिंती त्याच लाल दगडाच्या. भाताची कापणी झालेली, पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या. "ह्यांची रानं म्हंजी टिकल्या टिकल्याच हाईत," सुनंदा म्हणाली. इतक्या लहान खाचरांवर माणसं जगतात कशी, याचा ती बराच वेळ विचार करत होती.

दिघीच्या खाडीपाशी उतरलो तेव्हा दुपार कलली होती. समोर पाणीच पाणी. एका बाजूला बंदर, उंच क्रेन, लांब उभं असलेलं मालवाहू जहाज आणि रस्त्यावर धूळ उडवत जाणारे ट्रक. दुसऱ्या बाजूला लहान लहान होड्या आणि लांबवर पाण्यात बसलेला जंजिरा. पन्नाशी उलटल्यावर मी पहिल्यांदा समुद्र पाहत होते. सुनंदाकडं वळून म्हटलं, "बघ."

तिनं बघितलं. "पैठणच्या नाथसागरावानीच हाय की," म्हणाली.

मला समुद्राच्या वतीनं इतका राग आला की मी तिच्याशी बोलणंच बंद केलं. त्या रागातच पुढची चूक झाली. धक्क्यावर एक मोठी सपाट बोट लागली होती, तिच्यात मोटारी, मोटरसायकली, माणसं सगळं चढत होतं. हीच नांदखोलला जाते, असं मी ठरवून टाकलं आणि सुनंदाला ओढत चढले. बोट सुटली, पलीकडं आगरदांड्याला लागली, आणि तिथं कळलं की नांदखोल अलीकडंच होतं, जिथून आम्ही निघालो त्या धक्क्यापासून चालत जाण्यासारखं. त्याच बोटीनं परत आलो. उतरताना सुनंदा म्हणाली, "वहिनी, बोलता येतं ना तुमाला? मग कुनाला तरी इचारा की."

धक्क्यावरच्या चहावाल्याला विचारलं. आमचा पेहराव आणि पिशवी बघून तो हसला. "घाटावरनं आयलाव काय?" इकडं सह्याद्रीच्या पलीकडचं सगळं म्हणजे घाट. संभाजीनगर म्हटल्यावर त्याच्या चेहऱ्यावर काही उमटेना, औरंगाबाद म्हटल्यावर "वेरूळ!" म्हणाला. सुक्या मासळीचं नाव काढताच त्यानं नांदखोलच्या हिराबायचं घर सांगितलं. तिचा जवळा या पट्ट्यात एक नंबर, आणि तिची सून रंजना पर्यटकांना खोलीही देते.

नांदखोल म्हणजे डोंगर आणि पाणी यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत दाटीनं बसलेली कोळ्यांची वस्ती. घराघरापुढं जाळी, दोऱ्या, रंग दिलेली पिंपं. वास तर असा की सुनंदाची पिशवी त्यात पार हरवून गेली. वस्तीच्या टोकाला खळं होतं. आमच्याकडं खळ्यावर ज्वारी-मका मळतात, यांच्याकडं सारवलेल्या खळ्यावर जवळा वाळतो. जवळा म्हणजेच आमची सुकट, पण ओली. नखाएवढी गुलाबी कोळंबी जमिनीवर पातळ पसरलेली, आणि लुगड्याचा काष्टा मारलेल्या बाया खराट्यानं ती हलवत फिरत होत्या. खळं एकच, पण प्रत्येकीची जागा ठरलेली.

हिराबाय साठीच्या पुढची, काटक, आवाज असा की समोरच्या जहाजालाही ऐकू जावा. मी पुढं होऊन माझं भाषण सुरू केलं. आम्ही कुठून आलो, किती लांबून आलो, नणंदेचा धंदा काय, शेतकरी थेट ग्राहकाला देतो तसं तिनं आम्हाला द्यावं.

तिनं मला अर्ध्यावर थांबवलं. "माझा माल बांधलेला हाय, बाय. महाडचे, माणगावचे, जुने लोक हायत. घाटावरचे येतात, नमुना नेतात, परत तोंड दाखवत नाय."

सुनंदानं पिशवी पुढं केली. "आमाला असला मिळतो," एवढंच म्हणाली.

हिराबायनं हुंगलं आणि तोंड फिरवलं. "उबलेला हाय हा." तेवढं बोलून तिनं सुनेला हाक मारली आणि आम्हाला खोली दाखवायला सांगितली.

रात्रीच्या जेवणाला रंजनानं तांदळाची भाकरी, कालवण आणि तळलेले ताजे बोंबील केले. तळण्याआधी तिनं ते परातीत ठेवले होते. सुनंदा तिथं खिळून उभी राहिली. इतकी वर्षं बोंबील विकणाऱ्या बाईनं ओला बोंबील कधी पाहिलाच नव्हता. आमच्या बाजारात तो लाकडासारखा कडक, वाकवला तर मोडणारा. इथं तो मऊ, पांढरा, हातात धरला तर निसटणारा. तिनं एक उचलला, तळहातावर घेतला. "ह्यो तोच का?" तिनं दोनदा विचारलं. रंजना हसत सुटली. माझ्या घशात त्याच रात्री काटा अडकला, तो कोरड्या भाताचे गोळे गिळून खाली गेला. त्यातही त्या दोघींना हसू आवरेना.

सकाळी उठले तर सुनंदा अंथरुणात नव्हती. खळ्यावर गेले, तर ही खराटा घेऊन हिराबायच्या जागेतला जवळा हलवत होती. कुणी सांगितलं नव्हतं. हिराबायनं तिला अडवलंही नाही, बोलावलंही नाही. माझ्यापुढं मात्र एक खराटा आपटला. मीही लागले कामाला. माल न घेता परत जायचंच नाही, असं सुनंदानं ठरवलंय हे तिच्या पाठीवरूनच कळत होतं.

दुपारी होड्या लागल्याची हाळी आली. हिराबाय आणि रंजना पाट्या घेऊन धक्क्याकडं पळाल्या. आम्ही दोघी खळ्यावर राहिलो. आणि थोड्याच वेळात डोंगरावरून एक काळा ढग सरकत आला.

आता मराठवाड्यातल्या बाईला खळ्यावर ढग दिसला की काय होतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. आपल्याकडं मक्याच्या नाही तर सोयाबीनच्या राशीवर एक सर पडली की वर्षाची मेहनत मातीत जाते. सुनंदा ओरडली, "वहिनी, ताडपत्री!" घराच्या भिंतीला निळी ताडपत्री गुंडाळून ठेवली होती, ती मी ओढून आणली. तिनं खराट्यानं सगळा जवळा मधोमध ओढून रास केली. त्यावर ताडपत्री, कडांवर दगड, फटींवर माती. वारासुद्धा आत शिरणार नाही, असं आवळून झाकलं. खळ्याच्या दुसऱ्या टोकाच्या बाया आपापला माल उचलून टोपल्यांत भरत होत्या आणि आमच्याकडं हात करून काहीतरी ओरडत होत्या. वाऱ्यामुळं शब्द कळेना. शाबासकी देत असतील असं समजून मीही हात हलवला.

पाऊस पडला म्हणजे काय, चार थेंब. ढग समुद्रावर निघून गेला आणि लख्ख ऊन पडलं. पलीकडच्या बायांनी टोपल्या परत पसरल्या. "काढू का?" मी विचारलं. "नका," सुनंदा म्हणाली, "पुना येतो. अवकाळीचं काय खरं नसतं." आम्ही राशीशेजारी राखण करत बसलो, आणि खरं सांगते, मला मोठं काम केल्यासारखं वाटत होतं. आता म्हातारी पाघळेल, माल देईल, असं मी सुनंदाला म्हटलंसुद्धा.

हिराबाय परतली. ताडपत्री बघून तिच्या डोक्यावरची पाटी खाली आली. ती धावत आली, दगड लाथेनं उडवले, ताडपत्री ओढली. आतून वाफ निघाली. गुलाबी जवळा मळकट, चिकट झाला होता. आणि तो वास आला. तोच, पिशवीतला. सुनंदाच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"उबवला! पार उबवला! कुणी सांगितला व्हता झाकायला?"

मी बोलायला लागले. पावसानं भिजला असता, आम्ही तर वाचवायला गेलो, आमच्याकडं असंच करतात. जितकं बोलत गेले तितकी ती भडकत गेली. "भिजला असता तर सुकला असता! दोन थेंबांनी काय व्हतंय? ओल्या जवळ्याला वारा लागतो बाय, वारा! ह्याचा दाणा नाय, ह्याचा मास हाय!" बोलता येणाऱ्या बाईनं अशा वेळी गप्प बसावं, ही अक्कल मला फार उशिरा आली. आमच्या चांगुलपणानं एका घराची मेहनत गेली होती आणि सुनंदाचं येणंही वाया गेलं होतं. मला रडूच आलं.

एवढ्यात रस्त्यावर टेम्पो थांबला. त्यातून उतरलेला माणूस वस्त्यावस्त्यांतून सुका माल गोळा करणारा होता. रास बघून त्यानं अंदाज घेतला. "मावशी, ओरडता कशाला? ऊन दाखवा आनि बांधा. चांगल्यात मिसळतो. घाटावर सगळं खपतं."

सुनंदा खळ्याच्या कडेला गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. ती उठली. "कुठं खपतं?"

"घाटावर. तिकडच्या लोकांना काय कळतंय?"

"मी तिकडचीच हाय." तिनं पिशवी त्याच्या पुढ्यात उलटी केली. "ह्यो बघा. ह्यो तुमीच मिसळल्याला. रोजानं जानाऱ्या बाया घेत्यात माझ्याकडून. एकीनं माझ्या पाटीत परत आनून टाकला, लेकराचं पोट गेलं म्हनली. माझ्या तोंडावर म्हनली. मी काय सांगू तिला?"

तो माणूस तिच्याकडं न बघता हिराबायला म्हणाला, "मावशी, दरसाल तर देता खराब झालेला. आज काय झालं?"

खळ्यावरच्या बाया काम थांबवून बघत होत्या. हिराबाय राशीकडं बघत राहिली. तिनं नाही म्हटलं नाही, यावरून मला काय समजायचं ते समजलं. नुकसान आम्ही केलेलं, माल तिचा, गिऱ्हाईक दारात. आम्हाला मध्ये बोलायचा काय हक्क होता? मी सुनंदाचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला आणि सरळ जाऊन त्या चिकट, वाफाळलेल्या राशीवर मांडी घालून बसली.

"ह्यो जानार नाय," ती म्हणाली. "बाय, तुमचं नुसकान मी केलं. मी भरून दीन. तुमच्या खळ्यावर राबंन, तुमी म्हनाल तवर. पर ह्यो माझ्या लोकांच्या ताटात जाऊ देनार नाय."

टेम्पोवाला हसला. त्याच्याबरोबर दुसरं कुणी हसलं नाही. सुनंदाच्या लुगड्याला राशीचं पाणी लागत होतं आणि ती हलायला तयार नव्हती. तिचा हा हट्ट मी तिच्या लग्नाच्या आधीपासून बघत आले आहे, पण तो असा कधी बघितला नव्हता. मला तिची लाज वाटली, भीती वाटली आणि त्याहून जास्त अभिमान वाटला.

हिराबायनं खराटा उचलला. मला वाटलं, आता घालते हिच्या पाठीत. तिनं तो टेम्पोकडं रोखला. "जा रे बाबा. आज माल नाय."

तो गेल्यावर ती सुनंदाशेजारी खाली बसली. आवाज एकदम उतरला होता. "मी देत व्हते. किती वरसं देत व्हते. घाटावर कोन खातंय ते मना कवा दिसला नाय." मग म्हणाली, "ऊठ आता. लुगडा खराब झाला तुझा."

ती सगळी रास आम्ही पाट्यांनी वाहून मागच्या नारळांच्या बुंध्याशी नेली. तिथं हिराबायच्या मुलानं खतासाठी खड्डे करून ठेवले होते. तो दिवसभर दर्यावर असायचा, येताजाता आमच्याकडं बघून नुसता हसायचा. अंधार पडेपर्यंत पाट्या वाहिल्या. माझी कंबर धरली, शिवणकाम करणाऱ्या बाईला ही सवय कुठली.

मग आमचं निघणं लांबलं. नव्यानं आलेला जवळा सुनंदानं पहिल्या पाटीपासून शेवटपर्यंत हिराबायबरोबर वाळवला. समुद्राच्या पाण्यात धुवायचा, पातळ टाकायचा, ऊन चढलं की पुन्हा पुन्हा हलवायचा, ढग आला तर उघड्या टोपल्यांत भरून वाऱ्याच्या तोंडावर ठेवायचा. दोघी फारशा बोलत नसत. एकीचं अर्धं बोलणं दुसरीला कळत नसे, तरी काम अडलं नाही. मला त्यांनी जाळी सांधायला बसवलं. सुईदोरा म्हणजे माझंच राज्य, पण तिथली सुई बांबूची आणि गाठ वेगळीच. रंजनानं माझी पहिली सगळी गाठवण उसवली आणि पुन्हा शिकवली. संध्याकाळी मी धक्क्यावर जाऊन बसायचे. जहाज कधी हललेलं दिसायचं, कधी नाही. बंदराचे दिवे लागले की होड्या त्यांच्याच उजेडात परतायच्या. तिथल्या बाया सांगायच्या की मोठी जहाजं यायला लागल्यापासून जवळची मासळी लांब गेली, होड्यांना पुढं जावं लागतं. तक्रार कमी आणि उद्या किती वाजता पाणी चढेल याचीच चर्चा जास्त.

घरून फोन येत होते. माझ्या गिऱ्हाइकांचे, आणि सुनंदाच्या नवऱ्याचे. मुकादम उत्तर मागत होता. "मी आल्यावर बोलते," एवढंच ती सांगायची आणि फोन ठेवून पुन्हा खळ्यावर जायची. मला काळजी लागली होती. हिराबायनं रागवणं सोडलं होतं, पण माल देते असं ती एकदाही म्हणाली नव्हती. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी शेवटी विचारलंच.

"बांधलेला माल मी फिरवनार नाय," हिराबाय म्हणाली. "शब्द दिल्याला हाय."

माझा चेहरा पडला. सुनंदा म्हणाली, "बराबर हाय. नका फिरवू."

हिराबाय आत गेली आणि दोन भरलेली पोती ओढत बाहेर आली. नांदखोलला रीत आहे. हंगामातला पहिला, सगळ्यात चांगला वाळलेला जवळा कुणीच विकत नाही. तो लेकींचा वाटा. सासरी गेलेल्या लेकींसाठी तो बाजूला काढतात, तिथं व्यापाऱ्याचा हात लागत नाही. हिराबायच्या दोन्ही लेकी मुंबईत बिल्डिंगीत राहतात.

"त्यांना नको झालाय आता. फ्लॅटमध्ये वास येतो म्हनतात, शेजारी बोलतात," ती म्हणाली. "दरसाल काढते, दरसाल पडून ऱ्हातो. हा कुनाला बांधलेला नाय. हा तू घेऊन जा. यंदा इक, हिशोब मागनं कर. नीट इकलास तर लेकींचा वाटा दर हंगामाला तुझा."

सुनंदानं वाकून तिच्या पाया पडायला सुरुवात केली, तर हिराबाय मागं सरकली. "पाया नको पडू गो. पोती झाकू नको तेवढी."

परतीचा प्रवास पोत्यांनीच केला, आम्ही नुसत्या त्यांच्याबरोबर होतो. माणगावला ती टपावर चढवली, पुण्याला उतरवली, एका हमालाशी माझं कडाक्याचं भांडण झालं, आणि सुनंदानं प्रत्येक थांब्यावर उतरून, टपाची शिडी चढून पोत्यांना हात लावून बघितलं. घाट चढताना मला यावेळी काही झालं नाही. डोळे मिटले की खळ्यावरच्या त्या बाया दिसत होत्या. समुद्र कसा होता, असं मला पुढं सगळ्यांनी विचारलं आणि मला नीट सांगता आलं नाही. तिथं गेले तर माझी नजर सगळा वेळ जमिनीवर पसरलेल्या जवळ्यावरच होती. पण आपण जे मूठभर तव्यावर टाकतो, त्याच्या मागं कुणाचं तरी ऊन असतं, कुणाचा वारा आणि कुणाचा दिलेला शब्द असतो, हे मला त्या जमिनीनंच दाखवलं. आणि घाटाच्या वर-खाली राहणारी माणसं एकमेकांना दिसली नाहीत तर काय काय मिसळून एकमेकांच्या ताटात जातं, तेही.

पोती बघून सुनंदाच्या नवऱ्यानं मुकादमाला नकार कळवला. गंगापूरच्या बाजाराला मी मुद्दाम गेले. सुनंदानं पाटी मांडली. पहिल्या बाईनं मूठ उचलली, नाकाशी नेली, सुकट तळहातावर चुरचुरली. तिनं पदर पसरला. "कुठला गं?" मागच्या बाईनं विचारलं. "नांदखोलचा. हिराबायनं वाळवल्याला," सुनंदा म्हणाली. त्या बाजारात हिराबाय कोण हे कुणाला ठाऊक असणार? पण सुनंदा प्रत्येकीला ते नाव सांगत होती.

ऊन वर आलं तेव्हा ऊसतोडीचा ट्रॅक्टर बाजाराच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. मागच्या ट्रॉलीत भांडी, बोचकी, शेळ्या, लहान पोरं. सुनंदाच्याच वाडीवरच्या बाया मीठ-मिरची घ्यायला खाली उतरल्या आणि तिच्या पाटीपाशी आल्या. "तू नाय का येत?" एकीनं विचारलं. "नाय," सुनंदा म्हणाली. "आता हितंच." मग तिनं एकेकीच्या पदरात सुकट घालायला सुरुवात केली. एकीनं थांब म्हटलं तरी वर आणखी एक मूठ घातली. यंदा बाजार सोडावा लागला असता तर हीसुद्धा त्या ट्रॉलीत बसली असती, हे माझ्या मनात आलं आणि माझे डोळे भरून आले. मी पाटीसमोरच उभी राहून डोळे पुसत होते.

"वहिनी," सुनंदा वर न बघता म्हणाली, "बाजूला व्हा बरं. गिऱ्हाईक थांबलंय."